चाकांवरच्या घरांचे सुतार

मुशायऱ्यात दर दहा मिनिटांनी एकदा तरी 'कारवाँ' येतोच. कुणाचा लुटला जातो, कुणाचा पुढे निघून जातो, कुणाच्या वाट्याला फक्त त्याची धूळ येते. आम्ही कवी मंडळी हा शब्द फार सैल हातानं वापरतो. मूळ शब्द फारसी, कारवान. वाळवंटातून उंट-घोड्यांसह जथ्यानं निघालेले व्यापारी, असा त्याचा साधा, रोखठोक अर्थ. मराठीत त्याला 'तांडा' म्हणावं, किंवा 'काफिला'.

हाच शब्द युरोपात गेला आणि इंग्लंडमध्ये पोचेपर्यंत त्याचा अर्थ पार बदलला. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये 'कॅराव्हॅन' म्हणजे वरून झाकलेली मोठी गाडी. माणसांचा जथा गेला, वाहन उरलं. पुढे इंग्रजांना तेवढा शब्दही लांब वाटला असावा, त्यांनी त्याचं डोकं उडवलं आणि नुसतं 'व्हॅन' ठेवलं. आपल्या गल्लीत सकाळी सात वाजता हॉर्न वाजवत मुलांना शाळेत न्यायला येणारी जी व्हॅन, ती त्या प्राचीन कारवाँची शेपटी आहे. शब्दकोशात ही वंशावळ वाचली तेव्हा मला गंमत वाटली आणि मी त्या शब्दाच्या मागे लागलो. शब्दाच्या मागे लागता लागता गाडीपाशी पोचलो आणि गाडीपासून ती बांधणाऱ्या सुतारापाशी.

आज बोलायचं आहे ते या सुतारांविषयी. चाकांवरची घरं पहिल्यांदा कुणी बांधली, आणि ती कुणी बांधली हे आपल्याला कळतं कसं?

इंग्लंडमध्ये या विषयावर हौसेनं काम करणारे बरेच लोक आहेत. डब्ल्यू. एम. व्हाइटमन यांनी १९७३ साली कॅराव्हॅनचा सविस्तर इतिहास लिहिला. त्याच्या आदल्याच वर्षी वॉर्ड-जॅक्सन आणि डेनिस हार्वे यांचं इंग्लंडमधल्या जिप्सी गाड्यांवरचं पुस्तक आलं होतं. जुन्या गाड्या जपणाऱ्या मालकांनी १९९३ मध्ये आपला एक स्वतंत्र क्लबही काढला. म्हणजे साधनं नाहीत असं नाही. पण ती कुणाविषयी भरभरून बोलतात आणि कुणाविषयी गप्प राहतात, ते पाहण्यासारखं आहे.

हौशी प्रवासाच्या कॅराव्हॅनचा इतिहास बहुतेक ठिकाणी एका माणसापासून सुरू होतो. विल्यम गॉर्डन स्टेबल्स. जन्मानं स्कॉटिश, पेशानं ब्रिटिश नौदलातले डॉक्टर. प्रकृतीच्या कारणानं नौदल सोडलं आणि मुलांसाठी साहसकथा लिहू लागले. पुस्तकांची रास पाडली म्हणा ना. लंडनच्या पश्चिमेला ट्वायफर्ड नावाच्या गावी त्यांचं घर. तिथं रस्त्यानं जिप्सींच्या गाड्या जायच्या. त्या पाहून डॉक्टरसाहेबांच्या मनानं घेतलं की आपणही असंच हिंडावं. पण जरा ऐसपैस.

त्यांनी गाडी सांगितली ती ब्रिस्टल वॅगन वर्क्स या कंपनीला. ही कंपनी रेल्वेचे डबे बांधणारी. त्यामुळे गाडीही तशीच झाली, जणू रुळांवरून उतरून रस्त्यावर आलेला पहिल्या वर्गाचा डबा. महोगनी आणि मेपल ही उंची लाकडं, आत पुस्तकांचं कपाट, वाद्यं, मागच्या बाजूला छोटंसं स्वयंपाकघर. वजन सुमारे दोन टन. नाव 'द वाँडरर', भटक्या! स्वतः डॉक्टर तिला गाडी म्हणतच नसत, 'जमिनीवरचं जहाज' म्हणत. नौदलातला माणूस, दुसरं काय म्हणणार.

१८८५ च्या उन्हाळ्यात हे जहाज निघालं ते थेट स्कॉटलंडच्या उत्तरेला इन्व्हर्नेसपर्यंत. ओढायला दोन घोडे, हाकायला गाडीवान, चाकरीला एक नोकर, सोबत एक मोठा न्यूफाउंडलंड कुत्रा आणि एक बोलका पक्षी. नोकराचं एक काम तर मला फार आवडलं. तो तीन चाकांच्या सायकलवर बसून पुढे जायचा आणि समोरून येणाऱ्यांना सांगायचा, मागून मोठं धूड येतंय, जरा बाजूला व्हा! रात्री गाडीवान गावातल्या खानावळीत झोपायचा, नोकर स्वयंपाकघरात आणि मालक दिवाणखान्यात. भटकं आयुष्य जगायला निघालेल्या माणसानं घरातली पायरी-उतरंड मात्र चाकांवर तशीच्या तशी बरोबर घेतली होती.

या तेराशे मैलांच्या प्रवासाचं पुस्तक १८८६ मध्ये आलं. त्यामुळे 'वाँडरर'बद्दल आपल्याला सगळं ठाऊक आहे. लाकूड कोणतं, चढावर घोडे कुठं दमले, कुत्र्याचं नाव काय. गाडीसुद्धा आजवर जपून ठेवलेली आहे. मालक लिहिणारा असला आणि कारखाना नोंदी ठेवणारा असला की इतिहासकाराचं काम निम्मं होतं.

आता रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला या. ज्या गाड्या पाहून डॉक्टरांना कल्पना सुचली, त्या कुणी बांधल्या होत्या?

रोमानी लोक, ज्यांना इंग्रज 'जिप्सी' म्हणतात, ते ब्रिटनमध्ये पोचले सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला. हे लोक इजिप्तमधून आले अशी इंग्रजांची समजूत, म्हणून 'इजिप्शियन'चं 'जिप्सी' झालं. १५३० सालीच त्यांना देशाबाहेर घालवण्याचा कायदा झाला होता. पण चाकांवरचं घर त्यांच्याकडे सुरुवातीपासून नव्हतं. शतकानुशतकं ते पायी हिंडले. फार तर सामानाला एखादी हातगाडी किंवा खेचर, आणि रात्री हेझलच्या लवचीक फांद्या वाकवून वर कापड टाकलेली पालं. राहायची गाडी त्यांच्या आयुष्यात आली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. तीही आधी जत्रेत खेळ करणाऱ्यांकडे आणि मग त्यांच्याकडे. रस्ते सुधारले, डांबरी नव्हे पण खडी दाबून पक्के झाले, तेव्हा कुठं एवढी जड गाडी घोड्याला ओढता येऊ लागली.

या गाडीला ते 'वार्दो' म्हणतात. आणि इथं माझ्यातला कवी थोडा वेळ हट्ट धरणार आहे, तो पुरवून घ्या.

रोमानी भाषा मुळात भारतातली, हे युरोपातल्या विद्वानांच्या ध्यानात आलं ते १७८० च्या सुमारास. सुमारे हजार वर्षांपूर्वी हे लोक उत्तर भारतातून पश्चिमेकडे निघाले. त्यांची शब्दसंपत्ती ऐका. पाण्याला 'पानी'. नाकाला 'नाक', कानाला 'कान'. विस्तवाला 'याग', म्हणजे आपली आग. सुरीला 'चुरी'. एक, दोन, तीनला 'एक, दुई, त्रिन', आणि पाचाला 'पांज'. भाषेचा अभ्यास न केलेल्या मराठी माणसालाही हे शब्द परके वाटणार नाहीत. घराला ते 'खेर' म्हणतात. तेही आपलंच घर.

पण गाडीचा शब्द 'वार्दो' हा भारतातला नाही. तो कॉकेशसच्या डोंगराळ भागातल्या ओसेटियन भाषेतून आला. घोड्याचा शब्द 'ग्रास्त' आर्मेनियनमधून. आणि रस्त्याला ते म्हणतात 'द्रोम', तो ग्रीक. म्हणजे घर हा शब्द त्यांनी निघताना बरोबर घेतला, आणि गाडी, घोडा, रस्ता हे एकेक मुक्कामाला उचलत गेले. त्यांच्या प्रवासाची नोंदवही कुणी लिहिली नाही, पण ती अशी शब्दांत राहिली. रजेसाठी खोटं कारण देणाऱ्या कारकुनाच्या खिशात बसचं तिकीट सापडावं, तशी.

असो. गाडीकडे वळू.

वार्दो बहुधा रोमानी लोक स्वतः बांधत नसत. ते गावातल्या गाड्या बनवणाऱ्या सुताराला सांगत. लंडनजवळच्या रेडिंग शहरात डंटन नावाचं घराणं होतं, त्यांच्या गाड्या इतक्या नावाजल्या की त्या घडणीलाच 'रेडिंग' म्हणू लागले. उत्तरेकडे यॉर्कशरमध्ये हेग या गावचा राइट. एरवी शेतकऱ्यांच्या बैलगाड्या-घोडागाड्या आणि दूधवाल्याच्या टांग्यांची कामं करणारे हे लोक. एक वार्दो बांधायला सहा महिने ते वर्ष लागायचं. ओक, अ‍ॅश, एल्म, सीडर, पाइन अशी निरनिराळी लाकडं निरनिराळ्या भागांना. सांगाड्याला चिवट लाकूड, फळ्यांना हलकं. कारण वजन शेवटी एकट्या घोड्याच्या छातीवर यायचं.

त्यातल्या बारकाव्यांनी मला भुरळ घातली. रेडिंग पद्धतीच्या गाडीच्या भिंती सरळ उभ्या नसतात, वर जाताना बाहेर झुकतात. तळाशी चाकांना जागा मिळते आणि वर माणसांना. छपरावर मधोमध लांबट उंचवटा, त्याला छोट्या खिडक्या, उजेड आणि हवा तिथून येते. आत लोखंडी शेगडी असते, ती दारातून पाहिलं की नेहमी डाव्या हाताला. का? तर गाडीचं दार पुढच्या बाजूला. त्यामुळे आत पाहताना जी डावी, ती गाडी चालताना उजवी, म्हणजे रस्त्याच्या मध्याकडची. इंग्लंडमध्ये आपल्यासारखंच डाव्या बाजूनं जातात. शेगडीची चिमणी डावीकडे ठेवली असती तर रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्यांत अडकून मोडली असती. असली अक्कल कागदावर रेघा मारून येत नाही. कुण्या गिऱ्हाईकाची चिमणी मोडली असेल, त्यानं येऊन सुताराला चार शब्द सुनावले असतील, आणि पुढच्या गाडीत शेगडीनं जागा बदलली असेल.

आणखी एक प्रकार होता, 'बोटॉप'. आपल्या बैलगाडीच्या तट्ट्यासारखं समजा. लाकडी कमानी वाकवायच्या आणि वरून जाड कापड ताणायचं. हलकी, स्वस्त, आणि वाऱ्यात न उलटणारी. डोंगराळ उत्तरेत ती जास्त चालली. उलट खेळवाल्यांच्या गाड्या जड, लहान चाकांच्या. त्यांना जत्रेच्या मैदानापर्यंत पोचायचं, शेतात शिरायचं नाही. म्हणजे चाकाच्या आकारावरून मालकाचा धंदा सांगता येतो. आणि या सगळ्यावर कोरीवकाम. द्राक्षांचे घड, पक्षी, घोड्यांची मुंडकी, त्यावर सोनेरी वर्ख. ज्याची ऐपत जास्त त्याचा वर्ख जास्त. आपल्याकडे ट्रकच्या मागे रंगकाम करून घेणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

एवढं सगळं असूनही जुने वार्दो फार थोडे उरलेत. कारण त्या लोकांची रीत. मालक मेला की त्याची गाडी जाळून टाकायची, त्याच्या सामानासकट. मेलेल्याचं काही मागे ठेवायचं नाही. ही रीत विसाव्या शतकातही अनेक घराण्यांनी पाळली. इतिहास शोधणाऱ्याला हळहळ वाटते. वर्षभर खपून सुतारानं केलेलं काम अर्ध्या तासात राख. पण जाळणाऱ्यांच्या बाजूनं पाहिलं तर त्यात चुकलं काय? त्यांच्यासाठी ती संग्रहालयातली वस्तू नव्हती, बापाचं घर होतं. आपणही मेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाही.

म्हणून या सुतारांचा माग काढायचा तर वेगळ्या वाटेनं जावं लागतं. गाडीच्या चाकाच्या तुंब्यावर कधी पितळी टोपण असतं, त्यावर कारखान्याचं नाव. दाराच्या चौकटीची कड ज्या रंध्यानं काढली त्याची रेघ. एकाच हाताच्या कोरीवकामातली द्राक्षं एकाच पद्धतीनं लोंबतात. जाणकार मंडळी दोन गाड्या शेजारी उभ्या करून सांगतात, या दोन्ही एकाच दुकानातल्या. पुष्कळ जुन्या गाड्या सापडल्या त्या शेतकऱ्यांच्या परसात. चाकं काढलेली आणि आत कोंबड्या. कोंबड्यांनी इतिहास वाचवला असं म्हणायला हरकत नाही.

आता एक तारीख दुसरीशेजारी ठेवू. डॉक्टर स्टेबल्स ज्या दशकात जिप्सींची नक्कल करत आनंदानं हिंडत होते, त्याच दशकात जॉर्ज स्मिथ नावाचे एक समाजसुधारक संसदेत एक विधेयक आणवत होते. स्मिथ यांचं आधीचं काम मोठं आहे, वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या मुलांसाठी आणि कालव्यातल्या बोटींवर राहणाऱ्या कुटुंबांसाठी त्यांनी कायदे करून घेतले होते. आता त्यांची नजर फिरत्या घरांवर गेली. प्रत्येक राहत्या गाडीची नोंदणी व्हावी, अधिकाऱ्याला आत शिरून तपासणीचा हक्क असावा, मुलं शाळेत जावीत. हेतू चांगला, पण ज्यांच्या घरात शिरायचं त्यांना कुणी विचारलं नाही. जत्रेतल्या खेळवाल्यांनी १८८९ मध्ये संघटना बांधून विरोध केला आणि विधेयक पुन्हा पुन्हा आणूनही शेवटपर्यंत मंजूर झालं नाही. आपल्याकडे मात्र याच सरकारनं १८७१ मध्येच गुन्हेगार जमातींचा कायदा करून टाकला होता. इथं संघटना बांधायला आणि संसदेत ओरडायला कुणी नव्हतं. पारध्यांना, कैकाड्यांना, भामट्यांना हजेरी लागली, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत झाली. तो शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला, निदान कागदावर. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' ज्यांनी वाचलं आहे त्यांना मी वेगळं काय सांगणार!

एकच राज्य, आणि त्याच्या नजरेत भटकणाऱ्यांचे दोन प्रकार. महोगनीच्या गाडीतून भटकणारा तो छांदिष्ट सद्गृहस्थ, पालातून भटकणारा तो संशयित.

सद्गृहस्थांचा छंद वाढत गेला. १९०७ मध्ये जे. हॅरिस स्टोन यांच्या पुढाकारानं ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन क्लब स्थापन झाला, म्हातारे डॉक्टर स्टेबल्स त्याचे उपाध्यक्ष. दुसऱ्याच वर्षी केनेथ ग्रॅहम यांचं 'द विंड इन द विलोज' हे मुलांचं पुस्तक आलं. त्यातला श्रीमंत, चंचल बेडूक पिवळ्या रंगाची नवीकोरी घोड्याची कॅराव्हॅन घेऊन निघतो. एक मोटार भरधाव येते, घोडा बुजतो, गाडी खड्ड्यात. आणि बेडूक रस्त्यात बसून मोटारीच्या दिशेनं मंत्रमुग्ध पाहत राहतो. कॅराव्हॅनच्या धंद्याचं पुढं काय होणार ते एका गोष्टीवाल्यानं १९०८ मध्येच सांगून टाकलं होतं.

हा बदल ज्यांच्या डोळ्यांदेखत आणि हातांदेखत झाला असा एक कारागीर म्हणजे विंचेस्टरचा बर्ट्रम हचिंग्ज. पहिल्या महायुद्धाआधी हा घोड्याच्या कॅराव्हॅन बांधून भाड्यानं देत असे. युद्ध संपलं, मोटारी आल्या, आणि त्यानं त्याच हातोडी-रंध्यानं मोटारीमागे जोडायच्या गाड्या बांधायला घेतल्या. पण मोटारीमागची गाडी ही घोडागाडीची धाकटी बहीण नव्हे. घोडा ताशी चार मैल चालतो. मोटार वीस-तीस मैलांनी धावते, आणि तेवढ्या वेगात उंच, चौकोनी पेटी वाऱ्याला भिंतीसारखी अडते. जोड पक्का नसेल तर मागची गाडी सापासारखी डुलते. १९३० च्या सुमारास हचिंग्जनं गोलसर, वारा कापणाऱ्या आकाराच्या गाड्या काढल्या. त्याचा समकालीन मेजर फ्लेमिंग-विल्यम्स तर विमानांच्या कामातूनच इकडे आलेला. त्याच्या 'कार क्रूझर' गाड्या पाहिल्या की पंख नसलेलं विमान आठवतं. युद्धानं विमानं बांधणारे हात आणि हलकं प्लायवुड दोन्ही मागे ठेवलं होतं.

घाऊक उत्पादन मात्र बर्मिंगहॅमला सुरू झालं. १९१९ मध्ये रायली बापलेकांनी 'एकल्स मोटर ट्रान्सपोर्ट' नावाची मालवाहतुकीची छोटी कंपनी हाती घेतली आणि त्याच वर्षी मोटारीमागे जोडायच्या कॅराव्हॅन बांधून विकायला काढल्या. १९२७ मध्ये त्यांनी स्टर्चली भागात खास कॅराव्हॅनसाठी कारखाना बांधला, तशा प्रकारचा जगातला पहिला असं मानतात. रायलींनी जाहिराती केल्या, माहितीपत्रकं छापली, त्यांवर किमती आणि मापं दिली. आज संशोधकाला एकल्सची जुनी गाडी दाखवली तर तो खिडकीची ठेवण आणि छताचा उंचवटा पाहून माहितीपत्रकाशी ताडतो आणि सालासकट सांगतो. १९३३ पासून तर या विषयाला वाहिलेलं मासिकच निघू लागलं. त्यातल्या छोट्या जाहिराती म्हणजे बंद पडलेल्या कारखान्यांची दफनभूमी आहे. एखादं नाव दोन अंकांत दिसतं, तिसऱ्यात नाही. कुणी गॅरेजवाला, कुणी कपाटं करणारा, चार-सहा गाड्या बांधून थांबला.

जर्मनीतली हकीकत याहून गोड आहे. इस्नी गावातल्या डेटलेफ्स घराण्याचा १८३२ पासूनचा धंदा चाबूक बनवण्याचा. घोडे कमी झाले की चाबकाचं काय होणार ते सांगायला नको. घरातला तरुण आरिस्ट विक्रीसाठी सतत फिरतीवर. त्याची वाग्दत्त वधू फ्रिडेल चित्रकार. तिची इच्छा अशी की त्याच्याबरोबर हिंडता यावं आणि हिंडता हिंडता चित्रंही काढता यावीत. म्हणून १९३१ मध्ये त्यानं मोटारीमागे जोडायची एक खोली बांधली आणि तिला 'राहायची मोटार' म्हटलं. लोक रस्त्यात थांबून विचारू लागले, आम्हालाही करून देता का? चाबकाच्या कारखान्याचा कॅराव्हॅनचा कारखाना झाला, तो याच नावानं आजही चालू आहे. हा इतिहास सांगताना पुष्कळदा आरिस्टचंच नाव घेतात. कल्पना फ्रिडेलची होती, हे आपण तरी लक्षात ठेवू.

श्रेयाची अशीच एक गोष्ट अमेरिकेतली. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची, गोळीसारखी 'एअरस्ट्रीम' गाडी आपण चित्रपटांत पाहिलेली असते, आणि तिच्याबरोबर वॉली बायम हे नाव घेतलं जातं. पण १९३६ च्या त्या पहिल्या धातूच्या एअरस्ट्रीमचा आकार बराचसा हॉली बोलस याच्या १९३४ च्या गाडीचा आहे. बोलस हा ग्लायडर बांधणारा आणि उडवणारा. लिंडबर्गनं ज्या विमानातून एकट्यानं अटलांटिक ओलांडला, ते विमान ज्या कारखान्यात बांधलं गेलं तिथल्या कामाची देखरेख यानं केली होती. त्याच्या कॅराव्हॅनचं दार पुढं, मोटारीच्या जोडावर, त्यामुळे आत शिरायला कसरत. त्याचा धंदा बुडाला. बायमनं दार बाजूला नेलं आणि गाडी विकून दाखवली. शोध कुणाचा म्हणायचा? मला विचाराल तर आकार बोलसचा आणि दार बायमचं. आणि घरात दाराला कमी लेखू नये.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये घरांचा तुटवडा पडला आणि अनेक कुटुंबं नाइलाजानं कॅराव्हॅनमध्ये राहू लागली. छंद बाजूला राहिला, गरज आली. त्या काळात सॅम आल्पर नावाच्या विशीतल्या तरुणानं लष्कराच्या भंगारातून गाड्या बांधायला सुरुवात केली. छताला आकाशात सोडायच्या संरक्षक फुग्यांचं कापड आणि ब्रेकला स्पिटफायर विमानांचे भाग! १९४९ मध्ये त्यानं 'स्प्राइट' काढली, साध्या पगारदाराला परवडेल अशी. स्वस्त म्हणजे तकलादू अशी शंका लोकांनी घेतली तेव्हा त्यानं ती गाडी मोटारीला जोडून भूमध्य समुद्राभोवती दहा हजार मैल फिरवून आणली. पुढं त्यानं १९६० मध्ये एकल्स विकत घेतली, आणखी कारखाने गिळून मोठा उद्योगसमूह उभा केला. तो समूह १९८२ मध्ये कोसळला, आणि स्प्राइट, एकल्स ही नावं फिरत फिरत स्विफ्ट कंपनीकडे गेली. हचिंग्जचं 'विंचेस्टर' हे नावही विकलं गेलं होतं. कारखाने विकले जातात तेव्हा नाव, साचे, यंत्रं यांची किंमत होते. जुन्या वह्यांना गिऱ्हाईक नसतं. लोखंडी कपाटं रिकामी करताना त्या पहिल्या बाहेर पडतात.

तेवढ्यात कायदे इकडे चालूच होते. १९६० च्या कायद्यानं परवाना असल्याशिवाय जमिनीवर कॅराव्हॅन उभी करायला बंदी आली. सुटीवर येणाऱ्यांसाठी परवानाधारक मैदानं निघाली, रोमानी कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची मुक्कामाची ठिकाणं मात्र बंद झाली. १९६८ मध्ये पालिकांनी त्यांना जागा द्यावी असं ठरलं, आणि १९९४ मध्ये ती जबाबदारी काढून घेण्यात आली.

तरी दर जूनमध्ये इंग्लंडच्या उत्तरेला अ‍ॅपलबी गावी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. देशभरातले रोमानी लोक तिथं येतात. बहुतेकांच्या मागे आता कारखान्यातल्या कॅराव्हॅन असतात, पण काही कुटुंबं अजून घोडा जुंपलेली बोटॉप घेऊन, रस्त्यात मुक्काम करत, दिवसचे दिवस चालत येतात. ईडन नदीत घोडे धुतात, विकायचा घोडा रस्त्यावरून पळवून दाखवतात. या बोटॉप गाड्या जुन्या नाहीत. हिरवा, लाल, पिवळा रंग ताजा असतो, वर्खही ताजा. कुणीतरी त्या आज बांधतो आहे. गिऱ्हाईक गाडीच्या भोवती फिरून कमानींवरचं कापड चाचपून पाहतं, चाकाला लाथ मारतं, आणि मग आत डोकावून बघतं, शेगडी कोणत्या हाताला आहे ते.